आजींच्या बाजूने की आजींच्या भल्यासाठी?

प्रिय ताई,

मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहते. वय 61. पुण्यात बँकेत होते, इकडे आल्यावर शाळेच्या अकाउंट्समध्ये 19 वर्षे काढली आणि मार्चमध्ये रिटायर झाले. सासूबाई 88 वर्षांच्या आहेत. 14 महिन्यांपासून त्या नर्सिंग होममध्ये आहेत. त्यांच्या शेजारच्या कॉटवर कोल्हापूरकडच्या एक आजी आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, पण डोके एकदम शाबूत. मुलगा टेक्ससला. परवा हळूच मला म्हणाल्या, रात्री बेल दाबली की बाई येते, डायपरकडे बोट दाखवते, 'त्यातच कर' अशी खूण करते आणि निघून जाते. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. वर म्हणाल्या, "कुणाला सांगू नगंस बाई. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

तिथे भिंतीवर ओम्बड्समनचे (नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याचे) पोस्टर आहे. फोन केला, तर स्वयंसेवक हवे आहेत म्हणाले. करावेसे वाटते. पण वकिलीची पदवी लागते का? माझे इंग्रजी कामापुरतेच आहे. नेमके काय करावे लागते? हे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस. (यांनी स्वतः एका मित्राच्या सहा खाटांच्या केअर होममध्ये थोडे पैसे घातलेत, त्यामुळे या धंद्यातले आपल्याला सगळे कळते असे त्यांना वाटते.) आणि आजींचे काय करू? सांगू की गप्प बसू?

— एक वाचक, फ्रीमाँट

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी पदवीचा प्रश्न.

पदवीची काळजी सोडा. वकिलीची नको, नर्सिंगची नको, कसलीच नको. मी ओम्बड्समन होण्यासाठी ज्या तुकडीत शिकले तिच्यात एक निवृत्त बसचालक होते, आणि ते आमच्या सगळ्यांपेक्षा सरस निघाले, कारण त्यांना लोकांचे निमूटपणे ऐकून घ्यायची सवय होती. कॅलिफोर्नियात बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासतात, त्याला लाइव्ह स्कॅन म्हणतात. मग किमान 36 तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर अनुभवी माणसाच्या मागे मागे फिरणे, आणि मग राज्याच्या ओम्बड्समन कार्यालयाकडून प्रमाणपत्र आणि बॅज. दरवर्षी पुन्हा प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात ते वेगळेच. इंग्रजी कामापुरते असले तरी चालते. अहवाल साध्या वाक्यांत लिहायचा असतो: कोण काय म्हणाले, मी काय पाहिले, किती वाजता. बँकेत ज्यांनी आयुष्यभर ताळेबंद जुळवले, त्यांना हे शिकवावे लागत नाही.

पदवीपेक्षा कडक अट वेगळीच आहे. तुमचे पैसे, नाती आणि नोकऱ्या या धंद्यात कुठे अडकल्या आहेत का, हे ते बघतात. एखाद्या केअर होममध्ये मालकी किंवा गुंतवणूक असणे, अशा ठिकाणी नोकरी करणे, तिथून मोबदला घेणे, तिथल्या कुणाची पॉवर ऑफ अटर्नी आपल्याकडे असणे, हे सगळे हितसंबंध मानले जातात. आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम फक्त तुमच्यापुरता थांबत नाही, घरच्या माणसांचेही बघतो. म्हणजे यजमानांचे ते 'थोडे पैसे' हा तुमचाही प्रश्न आहे. सहा खाटांचे घर असले म्हणून काही फरक पडत नाही. गल्लीत साध्या बंगल्यासारखी दिसणारी ती घरेही परवानाधारक आहेत आणि ओम्बड्समन तिथेही जातो. अर्ज करताना ही गोष्ट स्वतःहून, पहिल्याच भेटीत सांगा. त्यावर तोडगा आहे की नाही, हे तिथली समन्वयक ठरवील. लपवलीत आणि सहा महिन्यांनी उघडकीला आली, तर तुम्ही तोवर हाताळलेल्या प्रत्येक तक्रारीवर बोट ठेवता येईल.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. सासूबाई जिथे आहेत, तिथे तुम्हाला ओम्बड्समन म्हणून नेमणार नाहीत. जिथे जवळचे नातेवाईक राहतात तिथले काम करायचे नाही, असा नियमच आहे. तुम्ही बॅज मिळवला तरी कोल्हापूरच्या आजींचे प्रकरण तुमच्याकडे येणार नाही. ते दुसरे कुणीतरी बघेल, आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी आजींच्या खोलीत असाल. आजींसाठीच हे करायचे असेल, तर हे आधी पचवा.

आता काम काय असते ते. 'ओम्बड्समन' हा शब्द स्वीडनचा. तिकडे संसदेने 1809 मध्ये हे पद निर्माण केले. आपल्याकडे त्याला लोकायुक्त म्हणतात आणि ते कार्यालय महाराष्ट्रात 1972 मध्ये सुरू झाले. गंमत अशी की त्याच 1972 मध्ये अमेरिकेने नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांसाठी काही राज्यांत हा प्रयोग सुरू केला. 1978 मध्ये कायदा बदलून प्रत्येक राज्याला असा कार्यक्रम ठेवणे बंधनकारक झाले. आपल्याकडच्या लोकायुक्ताच्या खुर्चीवर निवृत्त न्यायमूर्ती लागतात. इथे रिटायर झालेली अकाउंट्सची बाई चालते. तिच्या हातात शिक्षेचा अधिकार मात्र शून्य असतो.

हे शून्य नीट समजून घ्या. बहुतेक नवे लोक इथेच फसतात. ओम्बड्समन इन्स्पेक्टर नाही. तो दंड करत नाही, परवाना रद्द करत नाही. नर्सिंग होमची तपासणी राज्याचे सार्वजनिक आरोग्य खाते करते, सहा खाटांच्या घरांची समाजसेवा खाते. तुम्ही अंघोळ घालत नाही, भरवत नाही, कॉटवरून उठवत नाही, कुणाला गाडीतून डॉक्टरकडे नेत नाही. मग करता काय? पूर्वसूचना न देता जाता. कुणाच्याही खोलीत जाऊन, दार लावून, एकांतात बोलता. तो हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तुम्हाला अडवणे बेकायदा आहे. तक्रार ऐकता, खरे-खोटे तपासता, आणि राहणाऱ्याची परवानगी असेल तर सोशल वर्करपासून वरपर्यंत तिचा पाठपुरावा करता. त्याचे वैद्यकीय कागद वाचायचे तरी त्याचीच संमती लागते.

तक्रारी मोठ्या नसतात. कवळी टिश्यूत गुंडाळून ठेवली होती, ती ट्रेबरोबर कचऱ्यात गेली. धोब्याकडून दुसऱ्याच कुणाचा स्वेटर आला. अंघोळ आठवड्यातून दोनदा ठरलेली, ती एकदाच होते. बेल दाबल्यावर 40 मिनिटे कुणी फिरकत नाही. संध्याकाळचे जेवण पाचला उरकतात आणि नाश्ता सकाळी आठला, म्हणजे मध्ये 15 तास. नियमाने हे अंतर 14 तासांपेक्षा जास्त नको. रात्री पौष्टिक खाऊ दिला आणि राहणाऱ्यांच्या मंडळाने मान्य केले, तरच 16. हा एक आकडा ठाऊक असला की स्वयंपाकघराशी बोलणे सोपे जाते. आपल्या लोकांच्या कामाचा आणखी एक नियम आहे. तिथे राहणाऱ्यांच्या धर्माचा आणि खाण्यापिण्याच्या रीतीचा विचार मेन्यूत करण्याचा रास्त प्रयत्न संस्थेने करायचा असतो. 'शाकाहारी' म्हणून रोज उकडलेले गाजर आणि चीजचे सँडविच पुढे आले, तर हा नियम काढून दाखवता येतो.

आणि एक तक्रार खरोखर मोठी असते: घालवून देणे. देशभर ओम्बड्समनकडे येणाऱ्या नर्सिंग होमच्या तक्रारींत ती वर्षानुवर्षे सगळ्यात वर राहिली आहे. विम्याचे दिवस संपले की 'आता यांना घरी न्या' असे तोंडी सांगतात आणि मुले घाबरून सामान बांधतात. तोंडी सांगून भागत नाही. काही अपवाद सोडले तर 30 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीत कारण आणि अपिलाची माहिती लागते, आणि तिची प्रत ओम्बड्समनलाही पाठवावी लागते. ओळखीतल्या कुणाला असे सांगितले, तर आधी एवढेच म्हणायला सांगा, "हे लिहून द्या."

कॅलिफोर्नियात तुमच्या वाट्याला आणखी एक खास काम येईल. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या माणसाने 'पुढे मला बोलता आले नाही तर उपचारांचे निर्णय अमुक व्यक्तीने घ्यावेत' असे पत्र केले, तर साक्षीदारांत ओम्बड्समनची सही लागते. त्याशिवाय ते ग्राह्य नाही. मी पहिल्यांदा अशा सहीला गेले, तेव्हा मुलगा कागद टेबलावर मांडून बसला होता. मी आईला विचारले, "तुम्हाला आज कशावर सही करायची आहे?" मुलगा म्हणाला, "तिला माहितेय." मी पुन्हा विचारले. मुलगा म्हणाला, "आई, सांग ना, माझं नाव." मग मी त्याला बाहेर बसायला सांगितले. आपल्यात मुलाला असे सांगायचे म्हणजे जीभ जड होते, त्यातून त्याने माझ्यासाठी चहा मागवलेला. तो गेल्यावर बाई बराच वेळ पांघरुणाची कड दुमडत राहिल्या आणि मग मुलीचे नाव घेतले. त्या दिवशी सही झाली नाही. पंधरा दिवसांनी नवा कागद आला, तेव्हा झाली.

ही झाली कामाची बाहेरची बाजू. आतली बाजू एकच आहे, आणि तुमच्या आजींचे उत्तरही तीतच आहे. ओम्बड्समन राहणाऱ्याच्या बाजूने बोलतो. त्याचे भले कशात आहे हे ठरवणारे बाकी सगळे असतात. डॉक्टर आहेत, मुलगा आहे, सून आहे, नर्स आहे. ती खुर्ची भरलेली आहे. रिकामी असते ती दुसरी खुर्ची, या माणसाला काय हवे आहे ते सांगणाऱ्याची.

म्हणायला सोपे आहे. माझ्याकडे एक आजोबा होते, मधुमेही. त्यांना रात्री झोपण्यापूर्वी एक पेढा हवा असायचा. मुलगी आणून द्यायची, कर्मचारी काढून घ्यायचे. त्यांनी तक्रार केली. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला. मला मनातून कर्मचाऱ्यांचेच पटत होते, आणि 'आजोबा, ते तुमच्या काळजीपोटीच करतात हो' असे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण धोका समजून घेऊन उपचार किंवा पथ्य नाकारणे हा त्यांचा हक्क आहे. अमेरिकेच्या 1987 च्या नर्सिंग होम कायद्याने तो दिला आहे. मी त्यांच्याबरोबर केअर प्लॅनच्या, म्हणजे त्यांची काळजी कशी घ्यायची ते लिहून ठरवण्याच्या, मीटिंगला गेले. तिथे पेढ्याविरुद्ध बोलणारे पाच जण होते, म्हणून मी सहावी झाले नाही. डॉक्टरांनी धोका समजावला. आजोबा म्हणाले, "मी 91 चा आहे." मग डॉक्टरांनी रात्रीची साखर तपासायची वेळ बदलली, आणि आजोबांनी स्वतःहून पेढा अर्ध्यावर आणला. मुलीने नंतर फोन करून मला बरेच सुनावले. तेही या कामात येते.

तसेच गुपिताचे. इथला नियम इतका कडक आहे की आपल्याला तो प्रथम क्रूर वाटतो. राहणाऱ्याने सांगितलेले त्याच्या संमतीशिवाय ओम्बड्समन कुणालाही सांगू शकत नाही. संस्थेला नाही, तपासणी खात्याला नाही, मुलालाही नाही. छळाची तक्रार असली तरी बोलू शकणाऱ्या, समजणाऱ्या माणसाचा होकार लागतो. ज्याला बोलताच येत नाही आणि ज्याच्यासाठी बोलणारेही कुणी नाही, त्याच्यासाठी वेगळी वाट आहे, तीही वरिष्ठांच्या मान्यतेने. हा नियम का, ते तुमच्या आजींनी एका वाक्यात सांगितले आहे: मला हितंच ऱ्हायाचं हाय. तुम्ही तक्रार करून साडेपाचला पार्किंगमध्ये जाल. रात्री अकराला तीच बाई खोलीत येणार आहे. सूड घेणे कायद्याने मना आहे, पण उशी जरा जोरात सरकवण्याचा पुरावा कोण देणार? बोललेले गुप्त राहील याची खात्री असल्याशिवाय म्हातारे माणूस तोंड उघडत नाही.

तेव्हा आजींचे काय?

तुम्ही आज ओम्बड्समन नाही. तुमच्यावर कायद्याने तोंडाला कुलूप नाही, तुम्ही कुठेही तक्रार करू शकता. उद्या आजींच्या अंगावर वळ दिसला, किंवा पाठीला जखम होऊन वास येऊ लागला, तर संमतीची वाट बघत बसू नका, लगेच फोन करा. पण आज जे आहे त्यात मी तुमच्या जागी असते, तर आजींना विचारल्याशिवाय पाऊल टाकले नसते. त्यांनी एकच माणूस निवडला आणि त्याला विश्वासाने सांगितले. तो विश्वास मोडला तर पुढची गोष्ट त्या कुणालाच सांगणार नाहीत.

पुढच्या भेटीत सासूबाईंचे आवरून झाले की स्टूल ओढून आजींजवळ बसा. घाई नको. त्यांना सांगा की बाहेरून येणारे एक माणूस असते, ते या लोकांच्या पगारावर नसते, आणि आजींनी हो म्हटल्याशिवाय ते कुणाला काही सांगत नाही. हे त्यांना आजवर कुणी मराठीत सांगितलेलेच नसेल. आपल्याला कळेल अशा भाषेत आपले हक्क समजून घेण्याचा त्यांना अधिकार आहे, पण दाखल होताना इंग्रजी कागदांवर मुलाने सह्या केल्या असतील आणि विषय संपला असेल. मग विचारा, "त्यांच्याशी बोलायचंय का?" हो म्हणाल्या तर पोस्टरवरचा नंबर तुम्ही लावा आणि मराठी दुभाष्या हवा असे सांगा. फोन त्यांच्या हातात द्या. दुभाष्याचे काम स्वतःकडे घेऊ नका. तुम्ही शेजारच्या कॉटच्या सूनबाई आहात, तुमच्या तोंडून आले की वाक्याला तुमचा राग लागेल.

एक गोष्ट आजींना जरूर सांगा, त्यानेच बहुधा त्यांचा होकार येईल. ओम्बड्समनला त्यांचे नाव न घेताही काही करता येते. तो वरिष्ठांच्या मान्यतेने रात्री अकरानंतरही स्वतः येऊन बसू शकतो आणि बेल वाजल्यापासून किती वेळाने कोण येते ते बघू शकतो. त्या मजल्यावरच्या आणखी चार-पाच जणांना 'रात्री संडासाला जायचं झालं तर काय करता?' असे विचारू शकतो. तेच आणखी तिघांनी सांगितले तर गोष्ट एकट्या आजींची राहत नाही. राहणाऱ्यांचे मंडळ असते, तिथे हा विषय काढता येतो, आणि त्या बैठकीला कर्मचाऱ्यांनी बोलावल्याशिवाय यायचे नसते. शिवाय ज्या बाईला आधार दिला की शौचालयापर्यंत चालता येते, तिला डायपरमध्येच करायला लावणे संस्थेला चालत नाही. तिची ती क्षमता टिकवणे ही त्यांची जबाबदारी आहे. 'दर रात्री दोनदा शौचालयाला न्यावे' असे केअर प्लॅनमध्ये लिहून घेता येते, आणि त्यासाठी कुणावर आरोप करावा लागत नाही.

नाही म्हणाल्या, तर नाही. विषय तिथेच सोडा, त्यांची वेणी घालून द्या, आणि आठवड्याने पुन्हा विचारा. मुलाला परस्पर फोन करू नका. पैज लावते, त्यांनी त्याला मुद्दामच सांगितलेले नाही.

तुमच्याकडे मात्र आजही एक हक्क आहे, तो वापरा. सासूबाईंच्या घरच्या म्हणून तुम्हाला कुटुंबीयांच्या मंडळात बसता येते. नसेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून सुरू करता येते, आणि संस्थेला जागा द्यावीच लागते. तिथे सासूबाईंच्या रात्रीच्या बेलबद्दल बोला. ती बेलही त्याच भिंतीवर आहे.

यजमानांच्या भाकऱ्यांबद्दल: भाकऱ्या लष्कराच्या नाहीत. आपल्या पिढीचे कितीतरी लोक पुढे याच खोल्यांत असणार आहेत, आणि त्यांतले काही जण म्हातारपणी इंग्रजी विसरतील. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी गेलेली मी पाहिली आहे. कंप्युटरमध्ये तीस वर्षे काढलेला माणूस शेवटी फक्त 'पाणी' आणि 'आई' एवढेच म्हणतो, आणि ड्यूटीवरची नर्स फाइलमध्ये 'बोलत नाही' असे लिहिते. मराठी येणारे ओम्बड्समन बोटांवर मोजण्याइतके सापडतात. तुम्ही अर्ज कराच.

फक्त अर्जाच्या आदल्या दिवशी यजमानांना चहाला बसवून नीट विचारा, त्या सहा खाटांच्या घरात पैसे नेमके कुणाच्या नावाने आहेत? नवऱ्यांच्या 'थोडे पैसे' मध्ये पुष्कळदा बायकोची सही असते.

— ताई